दिवा लागतोय, पण इंटरनेट नाही: जुबैलच्या खोलीपासून लाल समुद्राच्या तळापर्यंत

३० जानेवारी २००८, बुधवार. सौदी अरेबियात तेव्हा गुरुवार-शुक्रवार अशी सुट्टी असायची (शुक्रवार-शनिवार हे २०१३ पासून), त्यामुळे बुधवारची संध्याकाळ म्हणजे बाजारहाटाची वेळ. माझा मामा तेव्हा आखाताच्या किनाऱ्यावर, जुबैलच्या एका कारखान्यात नोकरीला होता. त्या संध्याकाळी तो नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन खोलीवर आला. मामी आणि माझी मामेबहीण पुण्यात. गुरुवारी रात्री त्या दोघी नेटकॅफेत कॅमेऱ्यासमोर बसणार आणि पाच महिन्यांनी एकमेकांची तोंडं दिसणार, असं ठरलं होतं.

मामानं भिंतीतल्या टेलिफोनला मोडेम जोडला, मोडेममधून वायर कॉम्प्युटरला लावली. मागचा हिरवा दिवा लागला. इंटरनेट काही येईना.

शेजारच्या खोलीतले मल्याळी इंजिनिअर आले. त्यांनी स्क्रीनवरचा एक आकडा बघितला, मोडेम बंद करून दोन मिनिटांनी चालू केला, आणि इंटरनेट आलं. म्हणजे आल्यासारखं झालं. सौदीतली पानं पटकन उघडायची, बाहेरची अर्धी येऊन अडकायची, मेसेंजर सुरू होऊन बंद पडायचा. मामानं निष्कर्ष काढला की मशीनच खराब आहे. गुरुवारी त्यानं वायर बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. रात्री पुण्यात त्या दोघी तासभर बसून घरी गेल्या. शुक्रवारी अवस्था आणखी वाईट. मग मामा कॉम्प्युटर उचलून दुकानात गेला आणि तिथल्या पोराशी भांडला. पोरगा बांगलादेशचा, विशीतला. तो शांतपणे सांगत होता की मशीन ठीक आहे, लाइनमध्ये काहीतरी आहे. मामाला पटेना. शेवटी मालकानं गिऱ्हाइकांसमोर त्या पोराला झापलं आणि मशीन बदलून दिलं.

नव्या मशीनवरही तेच.

बिघाड होता जुबैलपासून दीड-दोन हजार किलोमीटर दूर, इजिप्तच्या अलेक्झांड्रिया शहराजवळ, समुद्राच्या तळाशी.

तुम्ही दुबईत असा, म्युनिकमध्ये असा किंवा टोरांटोत, असा एक दिवस तुमच्याही वाट्याला आला असेल. नवं मशीन, नवी जागा, वायर जोडलेली, आणि स्क्रीनवर काहीच नाही. अशा वेळी आपण हाताला लागेल ते बदलत सुटतो. पण प्रश्न खरं तर एकच असतो: कुठपर्यंत चालू आहे आणि कुठून पुढं बंद? या एका प्रश्नाला मोठा इतिहास आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा तुकडा लाल समुद्रात घडलेला आहे. चला, मामाच्या टेबलापासून सुरुवात करून एकेक पाऊल बाहेर जाऊ.

टेबलापासून भिंतीपर्यंत

आधी तो हिरवा दिवा. त्याचा अर्थ फार छोटा आहे: वायरच्या दोन टोकांवरची दोन यंत्रं एकमेकांना विजेच्या पातळीवर ओळखतायत. पुढं इंटरनेट आहे की नाही, याच्याशी त्या दिव्याचं देणंघेणं नाही. दिवाच नसेल तर मात्र दोष वायरमध्ये, खटक्यात किंवा दोन्हीपैकी एका सॉकेटमध्ये आहे, आणि तुमचा शोध तिथंच संपतो.

ती वायर कापून बघितली तर आत तारांच्या चार जोड्या दिसतील, प्रत्येक जोडी वेणीसारखी पिळलेली. हा पीळ अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलचा. त्यानं १८८१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. टेलिफोनच्या तारा शेजारच्या तारांमधला गोंगाट उचलायच्या. दोन तारा एकमेकींभोवती पिळल्या की दोघींवर सारखाच गोंगाट पडतो आणि पलीकडच्या टोकाला तो वजा करता येतो. सव्वाशेहून जास्त वर्षांनी मामाच्या टेबलामागं तीच युक्ती काम करत होती. १०० मेगाबिटच्या वेगाला यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणून एखादी जोडी तुटली तर कधीकधी इंटरनेट जात नाही, नुसतं मंद होतं, आणि माणूस महिनोन्‌महिने कंपनीला शिव्या देत बसतो.

आता तो आकडा, जो शेजारच्या इंजिनिअरांनी बघितला. प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कमध्ये एक पत्ता लागतो. पूर्वी तो हातानं लिहावा लागे. १९९३ मध्ये डीएचसीपी नावाची पद्धत ठरली: नवा कॉम्प्युटर आला की तो "मला पत्ता द्या" अशी हाक मारतो आणि राउटर त्याला एक मोकळा पत्ता देतो. सोसायटीत राहायला आलेल्या नव्या बिऱ्हाडाला सेक्रेटरीनं फ्लॅट नंबर सांगावा, तसं. हाकेला कुणी ओ दिली नाही तर कॉम्प्युटर स्वतःच १६९.२५४ नं सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता लावून घेतो. म्हणून पत्त्याच्या सुरुवातीला १६९.२५४ दिसलं की समजायचं: वायर आहे, पण राउटरशी बोलणं झालेलं नाही. १९२.१६८ किंवा १० नं सुरू होणारा पत्ता दिसला तर घरातलं बोलणं झालंय, पुढं चला.

मामाच्या खोलीत पहिला बिघाड हाच होता, आणि मोडेम बंद-चालू केल्यावर तो गेला. पण त्याच वेळी दुसरा बिघाड हजर होता, आणि एक सुटला तरी लक्षण जवळपास तेच राहिलं. सगळ्यात जास्त माणसं इथंच फसतात. दोन दोष एका वेळी असू शकतात, हे आपल्या डोक्यातच येत नाही.

पुढचं पाऊल म्हणजे हाक मारून बघणं. त्यासाठीचा 'पिंग' हा छोटा प्रोग्रॅम माइक म्यूस या अमेरिकन प्रोग्रॅमरनं डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला. तो अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत होता, नेटवर्क विचित्र वागत होतं, आणि दोष शोधण्यासाठी त्यानं एका संध्याकाळीत हे हत्यार तयार केलं. नाव घेतलं पाणबुड्यांच्या सोनारवरून: आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळात येतो ते बघायचं. तुम्हीही हेच करा. आधी आपल्या राउटरला पिंग करा. उत्तर आलं तर बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, आकड्यांत. तेही आलं, पण वेबसाइटचं नाव टाकल्यावर काहीच होत नसेल, तर रस्ता शाबूत आहे. नावाचा पत्ता सांगणारा सर्व्हर तेवढा गप्प आहे.

मामानं पिंग केलं असतं तर त्याला दिसलं असतं: राउटर लगेच उत्तर देतोय, सौदीतले पत्ते लगेच उत्तर देतायत, युरोपातले देत नाहीत किंवा फार उशिरा देतायत. म्हणजे मशीन निर्दोष, वायर निर्दोष, मोडेम निर्दोष. आणि दुकानातला पोरगाही.

भिंतीपासून रियाधपर्यंत

मोडेम ज्या टेलिफोनच्या तारेला लावला होता, ती तार तिथं आली कशी? तेलाच्या किमती वाढल्यावर सौदी सरकारनं टेलिफोनचं जाळं एका झटक्यात वाढवायचं ठरवलं. १९७७ च्या शेवटी फिलिप्स, एरिक्सन आणि बेल कॅनडा या कंपन्यांना त्याचं अवाढव्य कंत्राट मिळालं, तीन अब्ज डॉलरहून मोठं. याच दशकात रत्नागिरी, रायगड, दापोली, श्रीवर्धनकडची माणसं मोठ्या संख्येनं आखातात जायला लागली. जाळं उभं राहिलं तरी घरी फोन करणं परवडायचं नाही. कोकणातल्या कित्येक घरांमध्ये त्या काळात कॅसेट यायच्या: माणूस खोलीत बसून तासभर टेपरेकॉर्डरशी बोलायचा आणि गावाकडं जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती ती कॅसेट द्यायचा. उत्तराची कॅसेट महिन्या-दोन महिन्यांनी यायची. त्यात बिघाड झाला तर कळायला सोपा: कॅसेट हरवली किंवा टेप गुंडाळली.

इंटरनेट आलं तेव्हा भारत आणि सौदी अरेबियानं वेगवेगळ्या वाटा धरल्या. भारतात विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सौदीत १९९४ पासून ते विद्यापीठं, संशोधन संस्था आणि हॉस्पिटलांपुरतं होतं. ज्यांना फारच हवं असायचं ते मोडेमवरून बाहेरच्या देशात, उदाहरणार्थ बहारीनला, फोन लावायचे आणि परदेशी कॉलचं बिल भरायचे. सर्वसामान्यांना परवानगी द्यायचा निर्णय १९९७ मध्ये झाला आणि प्रत्यक्ष जोडण्या १९९९ च्या सुरुवातीपासून मिळायला लागल्या.

दोन वर्षं का लागली? कारण सरकारला आधी एक दरवाजा बांधायचा होता. रियाधच्या किंग अब्दुलअझीझ सिटी फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेत इंटरनेट सेवा विभाग उघडला गेला. इंटरनेट विकणाऱ्या कंपन्या अनेक, पण देशाबाहेर जाणारा रस्ता एकच, या संस्थेतून. जेद्दाच्या किंवा जुबैलच्या माणसानं कुठलंही बाहेरचं पान मागितलं की ती मागणी आधी रियाधच्या प्रॉक्सी सर्व्हरकडे जायची, तिथल्या यादीशी ताडली जायची, आणि मगच पुढं.

बिघाड की बंदी?

इथं आपल्या प्रश्नाला एक वेगळंच वळण लागतं. पान उघडत नाही, याची दोन कारणं असू शकतात: रस्ता तुटलाय, किंवा रस्ता बंद केलाय. दोन्हींचं लक्षण सारखं दिसू शकतं.

सौदीच्या वेब-गाळणीत एक गोष्ट मात्र उघडपणे केलेली होती. बंद पान मागितलं की समोर सूचना यायची की हे पान पाहायला परवानगी नाही. बंदी उठवायची विनंती करण्यासाठी फॉर्मही असायचा, आणि आणखी काही बंद करा म्हणून सांगण्यासाठीही. २००२ मध्ये हार्वर्डच्या जोनाथन झिट्रेन आणि बेंजामिन एडलमन यांनी सौदी प्रॉक्सीमधून सुमारे ६४ हजार पानं मागवून बघितली. त्यातली दोन हजारांहून अधिक बंद निघाली. अश्लील पानं त्यात होतीच, पण धर्म, आरोग्य, विनोद, करमणूक अशा विषयांवरचीही होती. ही मोजणी शक्य झाली, कारण बंदी स्वतःला बंदी म्हणवून घेत होती.

इंटरनेटवरून बोलण्याचं तसं नव्हतं. तिथं सूचना वगैरे काही नाही. कॉल नुसता लागायचा नाही, किंवा लागून आवाज यायचा नाही. जून २०१३ मध्ये सरकारी नियामकानं व्हायबर बंद केल्याचं जाहीर केलं. पण जाहीर निवेदन वाचणारे किती? बाकीच्यांनी काय केलं असेल ते तुम्ही ओळखू शकता: मोबाइल बंद-चालू केला, ॲप काढून पुन्हा टाकलं, आईला सांगितलं "तुझ्याकडचं नेट बघ गं", आईनं दादरच्या दुकानात जाऊन फोन दाखवला. एका देशाच्या निर्णयासाठी दुसऱ्या देशातली म्हातारी दुकानाच्या पायऱ्या चढत होती. सप्टेंबर २०१७ मध्ये नियमांत बसणाऱ्या ॲपवरची ही बंदी उठली.

म्हणून मी म्हणतो की बिघाड शोधणं हे नुसतं तंत्राचं काम नाही. दोष कुणाच्या माथी जाणार, हे त्यात ठरतं. आपण मोजलं नाही तर तो जवळच्या माणसावर, गरीब माणसावर, किंवा स्वतःच्या "मला यातलं काही कळत नाही" या समजुतीवर जाऊन पडतो. दूरवरचा दोष जवळच्यावर टाकणं फार सोपं असतं, कारण दूरचं दिसत नाही.

जेद्दाच्या पलीकडं

आता त्या बुधवारकडं परत येऊ. रियाधचा दरवाजा ओलांडला की पुढचा मोठा टप्पा जेद्दा. आशिया आणि युरोप यांना जोडणाऱ्या समुद्राखालच्या केबलींचा मोठा गठ्ठा लाल समुद्रातून जातो, आणि त्यातल्या बऱ्याच जेद्दाला किनाऱ्यावर येतात. १९९७ मध्ये सुरू झालेली 'फ्लॅग' केबल इंग्लंडपासून जपानपर्यंत सुमारे २८ हजार किलोमीटर लांब. तिचा एक थांबा जेद्दा, एक मुंबई. २००५ च्या अखेरीस सुरू झालेली 'सी-मी-वी ४' सिंगापूरहून फ्रान्सपर्यंत जाते. तिचेही थांबे जेद्दा आणि मुंबई. मामाचं जुबैल आणि मामीचं पुणं, दोघांचं बाहेरचं इंटरनेट बऱ्याच अंशी या दोन दोऱ्यांना लटकलेलं होतं.

३० जानेवारीच्या सकाळी, काही तासांच्या अंतरानं, अलेक्झांड्रियाजवळ दोन्ही तुटल्या. इजिप्तचं बहुतेक इंटरनेट गेलं, भारताची पश्चिमेकडं जाणारी निम्म्याहून अधिक क्षमता गेली, आखाती देश मंदावले. जहाजाच्या नांगराचा संशय घेतला गेला, पण त्या वेळी तिथून जहाज गेलंच नव्हतं, असं इजिप्तच्या दूरसंचार मंत्रालयानं सांगितलं. दोन दिवसांनी, १ फेब्रुवारीला, आखाती देशांना मुंबईशी जोडणारी 'फाल्कन' केबल दुबईपासून सुमारे ५६ किलोमीटरवर तुटली. मामाचा शुक्रवार आणखी वाईट गेला, तो यामुळे. तिसरी केबल तुटल्यावर जगभर अफवांना ऊत आला: युद्धाची तयारी, घातपात, पाणबुड्या. दुरुस्तीचं जहाज फाल्कनपाशी पोचलं तेव्हा तिथं एक टाकून दिलेला नांगर सापडला. वजन पाच-सहा टन.

जगात दर वर्षी अशा केबलींमध्ये साधारण दीडशे ते दोनशे बिघाड होतात, आणि बहुतेकांचं कारण मासेमारीची जाळी किंवा नांगर हेच असतं. मग हजारो किलोमीटरच्या केबलीत तुटलेली जागा नेमकी सापडते कशी? किनाऱ्यावरून केबलीत प्रकाशाचा एक ठोका सोडतात. काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. तुटलेल्या जागेवरून जो अंश परत येतो त्याला किती वेळ लागला ते मोजलं की अंतर निघतं. जहाज तिथं जातं, गळ टाकून केबल वर ओढतं, आणि नवा तुकडा जोडतं. पिंगचीच ही थोरली बहीण.

१८५९: समुद्रातली पहिली शोधाशोध

ही विद्या घडवण्यात याच लाल समुद्राचा मोठा हात आहे.

१८५७ च्या उठावाची बातमी लंडनला पोचायला कित्येक आठवडे लागले होते. त्यामुळे ब्रिटिश सरकारला हिंदुस्थानपर्यंत तार हवीच होती, लवकर हवी होती. 'रेड सी अँड इंडिया टेलिग्राफ कंपनी' उभी राहिली आणि तिनं १८५९-६० मध्ये सुएझहून एडन आणि पुढं कराचीपर्यंत केबल टाकली. लाल समुद्रातले तिचे थांबे आफ्रिकेच्या काठावर होते, कोसेर आणि सुआकिन. आज जे जेद्दा केबलींचं जंक्शन आहे, त्याला तेव्हा वगळलेलं होतं.

विजेच्या चाचण्यांसाठी जहाजावर एक जर्मन इंजिनिअर होता, वेर्नर सीमेन्स. हो, त्याच नावाच्या कंपनीचा संस्थापक. एडनला पोचल्यावर कळलं की केबलीत कुठंतरी दोष आहे. बाकीचे हताश झाले. सीमेन्सनं मोजणी केली. कल्पना अशी: तांब्याच्या तारेचा विजेला होणारा रोध तिच्या लांबीप्रमाणं वाढतो. एका मैलाचा रोध माहीत असेल, तर टोकाला बसून दोषापर्यंतचा रोध मोजायचा आणि भागाकार करायचा. अडचण ही की दोषाच्या जागेचाही स्वतःचा रोध असतो आणि तो हिशोब बिघडवतो. म्हणून दोन्ही टोकांकडून मोजायचं, म्हणजे तो वजा करता येतो. सीमेन्सनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय की त्याच्या गणितानं दोष बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीत निघाला, तिथं केबल वर ओढून कापली, आणि कापलेल्या भागात दोष खरंच सापडला. पुढच्या वर्षी, १८६० मध्ये, त्यानं रोध मोजायचं एक पक्कं एकक सुचवलं: एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर जाडीचा पाऱ्याचा स्तंभ. कारण दोन टोकांवरच्या दोन माणसांची मापं सारखी नसतील तर दोष सापडणार कसा?

तरीही ती केबल वाचली नाही. ती फार बारीक होती आणि ताणून टाकलेली होती. प्रवाळाच्या खडबडीत तळावर ती एका उंचवट्यापासून दुसऱ्यापर्यंत अधांतरी लोंबायची, तिच्यावर शिंपले आणि शेवाळ चढायचं, आणि त्या ओझ्यानं ती तुटायची. एक तुकडा दुरुस्त करावा तर दुसरा बंद. अखंड अशी ती कधी नीट चालली नाही. मात्र भांडवलाचे आठ लाख पौंड बुडाले ते भागधारकांचे नव्हेत. केबल चालो न चालो, सरकारनं व्याजाची हमी दिली होती: वर्षाला ३६ हजार पौंड, पन्नास वर्षं. मेलेल्या केबलीचं भाडं करदाते भरत राहिले.

या फजितीतून, आणि १८५८ च्या अटलांटिक केबलीच्या फजितीतून, एक चौकशी समिती बसली. तिच्या १८६१ च्या अहवालानं सांगितलं की केबल बनवताना, टाकताना, टाकल्यावर, प्रत्येक टप्प्यावर मोजा. अंदाजानं चालू नका. १८६४ मध्ये कराचीपासून आखातातून फाओपर्यंत टाकलेली केबल टिकली. आणि फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे तेव्हाचं जगातलं सगळ्यात मोठं जहाज मुंबई सोडून एडनकडं केबल टाकत निघालं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालून जोडले गेले. ज्या बातमीला पूर्वी आठवडे लागत, ती मिनिटांत जायला लागली. आज मुंबई, जेद्दा, सुएझ या वाटेनं जाणारं आपलं व्हिडिओ कॉलवरचं हसणं-रडणं जवळपास त्याच मार्गानं जातं.

मोडेमवरचा कागद

शनिवारी, २ फेब्रुवारीला, मामानं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पेपरात केबलींची बातमी वाचली. पुढच्या बुधवारी तो मिठाईचा डबा घेऊन त्या दुकानात गेला. पोरानं डबा घेतला आणि हसून सांगितलं, "अंकल, त्या आठवड्यात तुमच्यासारखे सात जण आले होते." त्यातल्या दोघांची मशीनं मालकानं पोराच्या पगारातून भरून घ्यायची धमकी दिली होती, तीही बातमी छापून आल्यावर मागं घेतली. मामा सांगतो की तो डबा हातात धरून उभं राहणं त्याला फार जड गेलं होतं.

शेजारच्या इंजिनिअरांनी मग एका कागदावर चार ओळी लिहून दिल्या आणि मामानं तो मोडेमवर चिकटवला:

१. दिवा आहे का?
२. पत्ता १६९ आहे की १९२?
३. राउटर उत्तर देतो का?
४. सौदीतलं पान उघडतं का? बाहेरचं उघडतं का?

खाली मामानं स्वतःच्या हातानं पाचवी ओळ लिहिली होती: "हे झाल्याशिवाय कुणाशी भांडायचं नाही."

मामा आता दापोलीला असतो. ६ सप्टेंबर २०२५ च्या शनिवारी जेद्दाजवळ लाल समुद्रात पुन्हा केबली तुटल्या. सी-मी-वी ४ त्यातही होती, सोबत आयमीवी नावाची दुसरी. भारत, पाकिस्तान, आखात, सगळीकडं वेग पडला. माझी मामेबहीण आता रियाधला असते. तिनं त्याच आठवड्यात मुलासाठी नवा कॉम्प्युटर घेतला होता. साध्या फोनवरून तिनं मामाला सांगितलं की बहुतेक मशीन परत द्यावं लागणार.

"थांब," मामा म्हणाला. "पहिली ओळ. दिवा आहे का?"